मुखेडची जखम आणि प्रयोगशाळेतील त्वचा

भाजणे, अपघात, सर्पदंश, कर्करोग किंवा जन्मजात व्यंग यांमुळे शरीराचा जो भाग नष्ट होतो वा अपुरा राहतो तो पुन्हा उभा करणारी पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया आणि पेशींना आधार व पोषण देऊन नवी ऊती घडवू पाहणारी ऊती अभियांत्रिकी, या दोन विद्याशाखा गेल्या अर्धशतकात एकमेकींच्या फार जवळ आल्या आहेत. ऊती म्हणजे एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशींचा आणि त्यांच्याभोवतीच्या द्रव्याचा समूह. त्वचा, स्नायू, हाड, कूर्चा या सगळ्या ऊतीच होत. शल्यविशारद शरीराच्या एका भागातील ऊती उचलून दुसऱ्या भागाची उणीव भरून काढतो, त्यामुळे देणाऱ्या भागावर नवी जखम होते आणि मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाच्या अंगावर तर उचलण्याजोगी निरोगी त्वचाच शिल्लक नसते. या अडचणीतूनच, हवी ती ऊती शरीराबाहेर वाढवता येईल काय, हा प्रश्न जन्माला आला आणि त्याच्या उत्तराच्या शोधात आजचे संशोधन उभे राहिले.

या संशोधनाची चर्चा बहुधा बोस्टन किंवा लंडनच्या, फार तर मुंबई-पुण्याच्या संदर्भात केली जाते. परंतु ज्या जखमांसाठी हे शास्त्र आहे त्या मोठ्या संख्येने मुखेडसारख्या तालुक्यांत होतात. नांदेड जिल्ह्यातील हा तालुका बालाघाटच्या डोंगररांगांत, लातूर जिल्ह्याला लागून, कर्नाटक आणि तेलंगणाच्या सीमांपासून जवळ वसलेला आहे. बहुतांश शेती कोरडवाहू आहे आणि दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी किंवा बांधकामावर मजुरीसाठी घराबाहेर पडतात. शेतात अनवाणी वावरणाऱ्या माणसाला होणारा सर्पदंश, चुलीच्या किंवा स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली बाई, उकळत्या पाण्याने पोळलेले मूल, फाटलेला ओठ घेऊन जन्मलेले बाळ आणि तंबाखूमुळे जबडा गमावलेला पुरुष हे या शास्त्राचे येथील रुग्ण आहेत. संशोधनाचा अग्रक्रम या जखमांनी ठरवावा आणि प्रयोगशाळेपासून तांड्यापर्यंतची साखळी हासुद्धा शास्त्राचाच भाग मानला जावा, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

पुण्याजवळचा कुंभार

पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेच्या जागतिक इतिहासात महाराष्ट्राचे स्थान पहिल्या पानांवर आहे. सुश्रुतसंहितेत गालाची त्वचा वळवून नाक घडवण्याची कृती वर्णिलेली आहे आणि नाकाच्या मापाचे पान कापून त्यावरून त्वचेचा आकार ठरवावा, अशी सूचनाही तीत आढळते. पुढील काळात गालाऐवजी कपाळाची त्वचा वापरण्याची पद्धत रूढ झाली. ती ग्रंथांपेक्षा घराण्यांच्या हातांत अधिक टिकून राहिली आणि तिची सर्वांत प्रसिद्ध नोंद पुण्याच्या परिसरातील आहे.

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या नियतकालिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र प्रसिद्ध झाले. इंग्रजांनी कावसजी या नावाने नोंदवलेला एक मराठा गाडीवान १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्यासोबत असताना टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला आणि त्यानंतर पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या कुंभार जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली असल्याचे पत्रात म्हटले आहे, तसेच ही पद्धत या देशात फार पूर्वीपासून चालत आल्याचाही उल्लेख त्यात आहे.

पत्रातील वर्णन तंत्राच्या दृष्टीने अत्यंत काटेकोर आहे. प्रथम मेणाची पातळ पट्टी नाकाच्या थोटावर बसवून तिला नाकाचा आकार दिला जाई, नंतर ती सपाट करून कपाळावर ठेवली जाई आणि तिच्या कडेने रेघ आखली जाई. त्या रेघेवरून कपाळाची त्वचा सोडवताना दोन भुवयांच्या मधला एक अरुंद पट्टा मात्र जागेवरच ठेवला जाई, कारण त्यातून वाहणारे रक्तच त्या त्वचेला जिवंत ठेवणार असे. सोडवलेली त्वचा खाली वळवून थोटाच्या कडेला पाडलेल्या खाचेत बसवली जाई, टाके न घालता ओल्या काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी सांधा धरून ठेवला जाई, चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड लावले जाई आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवे नाक आसपासच्या भागातून रक्त घेऊ लागल्यावर, भुवयांमधला पट्टा छेदला जाई. पाच-सहा दिवस रुग्णाने पाठीवर निजून राहावे आणि दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालावेत, इतक्या बारकाव्याच्या सूचनाही त्या वर्णनात आहेत.

हे वर्णन वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. तेथून ही पद्धत युरोपभर पसरली आणि कपाळाच्या त्वचेने नाक घडवण्याचे तंत्र आजही, अनेक सुधारणांसह, जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत वापरले जाते. ज्याच्या हातून हे ज्ञान जगाला मिळाले त्या कुंभाराचे नाव मात्र पत्रात आलेले नाही. त्याने स्वतः काही लिहून ठेवलेले नसल्यामुळे ते ज्ञान ज्याने छापले त्याच्या खात्यावर जमा झाले, आणि ग्रामीण भागात जमा होणारा अनुभव नोंदवला न गेल्यास काय होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

रक्तपुरवठ्याचा नियम

कुंभाराने भुवयांमधला पट्टा पंचवीस दिवस का राखला, हे समजले म्हणजे या संपूर्ण शास्त्राची किल्ली हाती येते. त्वचा दोन प्रकारे हलवता येते. पहिल्या प्रकारात तिचा पातळ थर पूर्णपणे सोडवून दुसरीकडे लावला जातो. याला त्वचारोपण म्हणतात. स्विस शल्यविशारद जाक रेव्हरदँ यांनी १८६९ साली त्वचेचे लहान तुकडे आणि जर्मनीच्या कार्ल थिअर्श यांनी १८७४ साली तिचे पातळ, रुंद थर यशस्वीपणे रोपून दाखवले. असा थर पहिले एक-दोन दिवस जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरतो आणि त्यानंतर जखमेच्या तळातील सूक्ष्म रक्तवाहिन्या त्यात शिरल्या तरच जगतो. दुसऱ्या प्रकारात त्वचा आणि तिच्याखालचा मांसल भाग आपल्या रक्तवाहिनीसह हलवला जातो. शल्यविशारद त्याला फ्लॅप म्हणतात. उघडे हाड, उघडा कंडरा किंवा खोल पोकळी झाकायची असेल तर फ्लॅपच लागतो, कारण अशा तळातून पातळ थराला पुरेसे रक्त मिळत नाही.

१९७० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली एक-दोन मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिन्या जोडणे शक्य झाल्यानंतर फ्लॅप शरीराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेता येऊ लागला. तंबाखू, गुटखा यांमुळे होणाऱ्या मुखकर्करोगात जबड्याचे हाड काढावे लागले, तर पायातील बारीक हाड त्याच्या धमनीसह काढून, जबड्याच्या आकारात कापून बसवले जाते आणि मानेतील रक्तवाहिन्यांना जोडले जाते. ही पद्धत १९८९ पासून रूढ झाली. सात-आठ तास चालणारी ही शस्त्रक्रिया आज महाराष्ट्रातील मोठ्या कर्करोग रुग्णालयांत नियमितपणे होते, परंतु तीतही नियम तोच आहे की जिवंत ऊतीला रक्त हवे आणि ते काही तासांच्या आत हवे.

पेशी, आधार आणि संदेश

ऊती अभियांत्रिकीला तीन घटकांची गरज असते. पहिला घटक म्हणजे पेशी, शक्यतो रुग्णाच्याच, कारण परक्या पेशी शरीर कालांतराने नाकारते. दुसरा घटक म्हणजे आधारचौकट, म्हणजे ज्या सच्छिद्र पदार्थावर पेशी चिकटून वाढतात आणि जो पुढे शरीरात विरघळून जातो तो साचा. निसर्गात हे काम पेशींभोवतीचे कोलाजेन हे प्रथिन करते. तिसरा घटक म्हणजे पेशींनी वाढावे, विभागावे किंवा विशिष्ट रूप घ्यावे यासाठी त्यांना मिळणारे रासायनिक संदेश. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांनी १९९३ साली 'सायन्स' या नियतकालिकात या विषयाची मांडणी केली आणि तेव्हापासून हे नाव सर्वमान्य झाले.

प्रत्यक्ष काम त्याआधीच सुरू झाले होते. जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ साली माणसाच्या बाह्यत्वचेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत शोधली. टपाल तिकिटाएवढ्या त्वचेच्या तुकड्यापासून तीन-चार आठवड्यांत शरीराचा मोठा भाग झाकू शकेल इतका पेशींचा पापुद्रा मिळू लागला आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत अतिगंभीर भाजलेल्या मुलांना त्यामुळे जीवदान मिळाले. मात्र हा पापुद्रा फार नाजूक असतो, त्याच्याखाली अंतस्त्वचा नसते, त्यामुळे तो सहज सोलवटतो आणि संसर्ग झाल्यास टिकत नाही. अंतस्त्वचेची उणीव भरून काढण्यासाठी जॉन बर्क आणि इओआनिस यानास यांनी बैलाच्या कंडऱ्यातील कोलाजेन आणि शार्कच्या कूर्चेतील शर्करायुक्त द्रव्य यांपासून सच्छिद्र थर तयार केला, त्यावर सिलिकोनचे आवरण दिले आणि १९८१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १९९६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. या थरात रुग्णाच्या रक्तवाहिन्या हळूहळू शिरतात, मग सिलिकोन काढून त्यावर अत्यंत पातळ त्वचारोपण केले जाते.

या शास्त्राने गाठलेली उंची २०१७ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका प्रकरणावरून दिसते. त्वचेचे थर एकमेकांना धरून ठेवणारे प्रथिनच सदोष असल्यामुळे ज्याची जवळजवळ ८० टक्के बाह्यत्वचा नष्ट झाली होती, अशा एका मुलावर जर्मनीतील बोखुम येथे उपचार करण्यात आले; इटलीतील शास्त्रज्ञांनी त्याच्याच पेशींतील जनुकीय दोष दुरुस्त करून त्वचेचे पापुद्रे वाढवले आणि ते त्याच्या अंगावर रोपण्यात आले. त्यापूर्वी २००४ साली जर्मनीतीलच कील येथे एका रुग्णाच्या जबड्याच्या मापाची जाळी हाडाच्या चुऱ्याने आणि अस्थिमज्जेच्या पेशींनी भरून, त्याच्याच पाठीच्या स्नायूत काही आठवडे वाढवण्यात आली आणि मग रक्तवाहिनीसह तोंडात बसवण्यात आली. पुण्याजवळच्या कुंभाराने कपाळाकडून उसने घेतलेले रक्त कीलच्या डॉक्टरांनी पाठीकडून उसने घेतले.

ऊती अभियांत्रिकीची सर्वांत मोठी मर्यादाही रक्तपुरवठ्याचीच आहे. केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या ते पाचव्या भागापेक्षा दूर असलेल्या पेशीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. म्हणून त्वचेसारख्या पातळ आणि कूर्चेसारख्या कमी रक्तावर जगणाऱ्या ऊती तुलनेने लवकर साध्य झाल्या, तर जाड स्नायू किंवा संपूर्ण अवयव अजून दूर आहेत. ही मर्यादा उल्लंघून झटपट कीर्ती मिळवण्याच्या प्रयत्नांची किंमत रुग्णांनी चुकवली आहे. स्टॉकहोममध्ये २०११ पासून पाओलो माक्कियारिनी या शल्यविशारदाने पेशी लावलेल्या कृत्रिम श्वासनलिका रुग्णांत बसवल्या. ते रुग्ण कालांतराने दगावले आणि २०२३ साली स्वीडनच्या वरिष्ठ न्यायालयाने त्याला अडीच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा ठोठावली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठी केले जाणारे मूलपेशींचे, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी घडतात त्या पेशींचे, प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचे इतर उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाहीत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मूलपेशींच्या जाहिराती वाचून जमीन विकायला निघालेल्या प्रत्येक कुटुंबापर्यंत ही माहिती पोहोचली पाहिजे.

मुखेडची जखम

मराठवाड्यात सर्पदंश हा पावसाळ्याचा नेहमीचा सोबती आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे येथील चार मुख्य विषारी साप होत. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मृत्यूंच्या सुमारे तिप्पट माणसे अवयव गमावून किंवा कायमचे अपंगत्व घेऊन जगतात. मृत्यूची मोजदाद होते, परंतु नागाच्या दंशानंतर सडलेली बोटे, आकसलेला मनगटाचा सांधा किंवा न भरणारा पायाचा व्रण घेऊन मजुरीला मुकलेला माणूस कोणत्याच यादीत येत नाही.

या जखमेचे स्वरूप समजून घेतले म्हणजे ऊती अभियांत्रिकीशी तिचे नाते स्पष्ट होते. नागाच्या विषातील काही प्रथिने पेशींचे आवरणच फोडतात, तर घोणस आणि फुरसे यांच्या विषातील विकरे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना आणि पेशींना धरून ठेवणाऱ्या कोलाजेनच्या जाळ्याला छेदतात. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जी आधारचौकट उभी करू पाहतात तीच विष काही तासांत विरघळवते. रक्तात फिरणारे विष प्रतिविषाने निष्प्रभ होते, परंतु दंशाच्या जागी मेलेली ऊती त्याने परत येत नाही, म्हणून प्रतिविष जितके लवकर तितके बरे. सुतळीने किंवा फडक्याने करकचून बांधलेली आवळपट्टी, ब्लेडने पाडलेल्या चिरा आणि मांत्रिकाकडे किंवा देवळात गेलेले तास यांमुळे हानी वाढते. त्यानंतर मेलेला भाग काढणे, जखम स्वच्छ ठेवणे, तळ लालसर व रक्तयुक्त झाल्यावर त्वचारोपण करणे आणि सांधा आकसू नये म्हणून व्यायाम देणे, असा आठवड्यांचा क्रम चालतो.

मुखेड येथे दीर्घकाळ वैद्यकीय सेवा करणारे डॉ. दिलीप पुंडे यांचे काम या संदर्भात फार मोलाचे आहे. तालुक्याच्या गावी राहून सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करताना त्यांनी नोंदी ठेवल्या आणि ग्रामीण महाराष्ट्रातील सर्पदंश उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव २००५ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया' या राष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत २०१७ साली घेतले आणि भारत सरकारने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२४ साली जाहीर केला, हे लक्षात घेतल्यास मुखेडच्या या नोंदीचे महत्त्व अधिकच जाणवते. पुण्याजवळच्या कुंभाराला जे साधले नाही ते येथे साधले, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणचे ज्ञान त्याच्या कर्त्याच्या नावाने छापले गेले. आता अशीच नोंद दंशानंतरच्या जखमांची, त्वचारोपणाची आणि अपंगत्वाचीही व्हावयास हवी.

लातूरचे ओठ

जन्मजात व्यंगांपैकी दुभंगलेला ओठ आणि टाळू हे सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी एक असून जगात साधारणतः ७०० जन्मांमागे एका बाळात ते दिसते. गर्भाच्या चौथ्या ते दहाव्या आठवड्यांत चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये जुळतात. ही जुळणी आनुवंशिक कारणांमुळे, पोषणाच्या उणिवेमुळे, तंबाखूसारख्या घटकांमुळे किंवा यांच्या एकत्रित परिणामामुळे अपुरी राहते. ग्रहणात गर्भवतीने भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, ही समजूत मराठवाड्यात अजूनही ऐकू येते आणि तिच्यामुळे दोष आईच्या माथी मारला जातो. ग्रहणाचा या व्यंगाशी काहीही संबंध नाही.

लातूर येथील प्लॅस्टिक सर्जन डॉ. विठ्ठल लहाने यांनी 'स्माइल ट्रेन' या संस्थेच्या साहाय्याने मराठवाड्यातील अशा मुलांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करण्याचे काम वर्षानुवर्षे चालवले आहे. या उपचाराला वेळापत्रक असते: ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः तीन ते सहा महिन्यांच्या वयात, टाळूची नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे मूल शब्द उच्चारू लागण्याच्या सुमारास, आणि हिरडीतील हाडाची फट भरण्याची सुमारे आठ ते अकरा वर्षांच्या वयात, सुळा येण्यापूर्वी. टाळूची शस्त्रक्रिया उशिरा झाली तर बोलणे नाकातून येते आणि मग ते सुधारण्यासाठी वाचोपचाराची दीर्घ मेहनत घ्यावी लागते. हिरडीची फट भरण्यासाठी आज मुलाच्या कमरेच्या हाडातील मऊ भाग काढून वापरतात. ही दुसरी जखम टाळावी म्हणून हाड घडवणाऱ्या पेशी, वाढीचे संदेश देणारी प्रथिने आणि कृत्रिम आधारचौकटी यांवर जगभर संशोधन चालू आहे, आणि ऊती अभियांत्रिकीचा लाभ लहान शहरांपर्यंत लवकर पोहोचण्याची शक्यता असलेले हे क्षेत्र आहे.

महाराष्ट्राच्या प्रयोगशाळा

महाराष्ट्रातील संशोधनाचा विशेष हा की त्यातील उत्तम काम स्वस्त आणि साध्या साधनांच्या शोधातून झाले आहे. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे आवरण वापरून पाहिले आणि १९८० च्या दशकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाचे आवरण तपासले आणि २००३ साली 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्याविषयी लेख लिहिले. पान जखमेला चिकटत नसल्यामुळे पट्टी बदलताना रुग्णाला फार कमी वेदना होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. डॉ. गोरे यांच्याच पुढाकाराने २००० साली शीवच्या रुग्णालयात देशातील पहिली त्वचापेढी सुरू झाली. टाटा मेमोरियल रुग्णालयातील ऊतिपेढी १९८८ पासून वार आणि हाड यांवर प्रक्रिया करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून, ती शल्यविशारदांना पुरवत आली आहे. बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या वारेचा पातळ पापुद्रा भाजलेल्या जखमेवर उत्तम आवरण ठरतो.

पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांना पेशींचा पुरवठा करते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधनातून पुढे आलेल्या डॉ. अनुया निसळ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनापासून हाडाच्या आणि जखमेच्या उपचारासाठी आधारचौकटी तयार करणारा 'सेरिजेन' हा उद्योग उभा केला. रेशीम शरीराला सहसा परके वाटत नाही, ते मजबूत असते आणि त्याच्या विरघळण्याचा वेग प्रक्रियेने नियंत्रित करता येतो. मराठवाड्याच्या दृष्टीने या संशोधनाला आणखी एक अर्थ आहे. तुतीची लागवड करून रेशीमकोष घेणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या या भागात वाढली आहे आणि जालना येथे कोषांची बाजारपेठही उभी आहे. औषधी दर्जाच्या रेशमाला मागणी निर्माण झाली तर आपला कोष साडीखेरीज रुग्णाच्या हाडातही उपयोगी पडतो, हे या शेतकऱ्याला कळावयास हवे.

सहा तासांचा हिशेब

दान केलेली त्वचा कायमची टिकत नाही. दोन-तीन आठवड्यांनी शरीर ती नाकारते. परंतु तेवढ्या काळात ती जखमेतून झिरपणारे पाणी आणि प्रथिने रोखते, संसर्ग अडवते, वेदना कमी करते आणि रुग्णाची स्वतःची त्वचा पुन्हा उचलता येईपर्यंत किंवा प्रयोगशाळेत पेशी वाढेपर्यंत त्याला जगवते. अतिप्रगत संवर्धित त्वचासुद्धा तीन-चार आठवड्यांनी हाती येते, म्हणून तोवर रुग्णाला जिवंत ठेवणारी त्वचापेढी नसेल तर त्या प्रगत संशोधनाचा त्याला उपयोग नाही.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा घ्यावी लागते. मुखेडपासून नांदेड सत्तर-ऐंशी किलोमीटर आणि मुंबई पाचशे किलोमीटरपेक्षाही दूर आहे. मुखेडमध्ये एखाद्या कुटुंबाने दानाचा निर्णय घेतला तरी मुंबईचे पथक सहा तासांत येऊन काम पूर्ण करणे जवळजवळ अशक्यच. त्वचा मिळण्याचा प्रश्न अशा प्रकारे भूगोलाशी बांधलेला आहे आणि त्याचे उत्तर एकच आहे: नांदेड-लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचापेढी, सुसज्ज जळीत विभाग आणि फिरते पथक यांची कायम व्यवस्था असणे. ग्लिसरॉलमध्ये ४ ते ८ अंश तापमानात ठेवलेली त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते, त्यामुळे एकदा अशी व्यवस्था उभी राहिली की साठा वाया जाण्याचे भय फारसे राहत नाही.

योजनांचा पाया घातला गेलेला आहे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला आणि त्याच्या तपासणी पथकांच्या यादीत दुभंगलेला ओठ व टाळू समाविष्ट आहेत. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जनआरोग्य योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होता. उणीव आहे ती या दोहोंना जोडणाऱ्या दुव्याची, म्हणजे जखम ओळखून रुग्णाला वेळेत योग्य ठिकाणी पोहोचवणाऱ्या आणि शस्त्रक्रियेनंतर महिनोन् महिने त्याच्याकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसाची.

महाराष्ट्रातील प्लॅस्टिक सर्जरीच्या एका आद्य पुरुषाने हे फार पूर्वी ओळखले होते. डॉ. नोशीर अंतिया यांनी इंग्लंडमध्ये सर हॅरोल्ड गिलीज यांच्याकडे शिक्षण घेतले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभारला आणि कुष्ठरोगाने विद्रूप झालेले चेहरे व हात दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियांत जागतिक नाव मिळवले. तथापि व्यंग आल्यावर ते दुरुस्त करण्यापेक्षा रोग गावातच वेळेवर ओळखला जावा, हे पटल्यावर त्यांनी १९७० च्या दशकात अलिबागजवळच्या मांडवा परिसरात गावातल्याच, फारसे शिक्षण नसलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. आजची आशा कार्यकर्ती त्याच विचाराच्या वाटेवर आहे. मुखेडच्या वाडी-तांड्यावरील आशाताईला भाजलेल्या जखमेवर शाई, टूथपेस्ट किंवा शेण न लावता वीस मिनिटे साधे पाणी सोडण्याचे, सर्पदंशात आवळपट्टी न बांधता हात-पाय स्थिर ठेवून रुग्णाला दवाखान्यात नेण्याचे आणि फाटलेल्या ओठाच्या बाळाला दूध पाजण्याच्या पद्धतीचे शिक्षण मिळाले, तर पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेची निम्मी लढाई शस्त्रक्रियागृहाबाहेरच जिंकली जाईल.

संशोधन संस्थांनीही आपली दिशा या जखमांवरून ठरवावी. दंशाच्या जागी ऊती मरू नये म्हणून लावता येईल असे औषध, उन्हाळ्यात शीतकपाटाशिवाय टिकणारे जखमेचे आवरण आणि हिरडीच्या फटीसाठी परवडणारी आधारचौकट, या तीन गोष्टी मराठवाड्याला कृत्रिम हृदयापेक्षा आधी हव्या आहेत, आणि त्यांच्या चाचण्या नांदेड, लातूर, मुखेड येथील रुग्णालयांना बरोबर घेऊनच व्हावयास हव्यात.

वाचकाच्या हाती असलेली एक गोष्ट शासनाच्या निर्णयाची वाट न पाहता करता येते. अठरा वर्षांवरील कोणाही व्यक्तीला त्वचादानाचा संकल्प करता येतो; रक्तगट जुळावा लागत नाही, मांड्या, पाय आणि पाठ यांवरील त्वचेचा केवळ वरचा पातळ थर घेतला जातो, देह विद्रूप होत नाही आणि अंत्यसंस्कारात अडथळा येत नाही; एचआयव्ही, कावीळ-ब व क यांसारखे संसर्ग, पसरलेला जंतुसंसर्ग किंवा त्वचेचा कर्करोग असल्यास मात्र त्वचा स्वीकारली जात नाही. संकल्पपत्रावरील सहीपेक्षा घरच्यांची संमती अधिक महत्त्वाची असते, कारण त्या सहा तासांत दूरध्वनी त्यांनाच करावयाचा असतो. म्हणून प्रत्येकाने आपली इच्छा घरात स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी आणि आपल्या जिल्ह्यात त्वचापेढी व्हावी, अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधीकडे लेखी नोंदवावी.